अज्ञानाचा बाजारभाव

नवी वस्तू विकत घेताना मनुष्य दुकानदाराच्या ज्ञानाची अपेक्षा करतो आणि जुनी वस्तू विकत घेताना त्याच्या अज्ञानाची. पंखा किंवा शिवणयंत्र घ्यावयास गेलेला गृहस्थ विक्रेत्यास वस्तूच्या गुणदोषांविषयी उलटसुलट प्रश्न विचारतो, आणि उत्तरे समाधानकारक वाटली नाहीत तर ‘ह्याला काही कळत नाही’ असा शेरा मारून शेजारच्या दुकानाची पायरी चढतो. परंतु तोच गृहस्थ रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात गेला, म्हणजे ज्याला काही कळत नाही अशाच माणसाच्या शोधार्थ उन्हातान्हातून हिंडू लागतो, आणि बिदरी सुरईला जस्ताचा लोटा समजून विकणारा असा कोणी निष्पाप विक्रेता आज ना उद्या आपणांस भेटेलच, ह्या आशेवर त्याचे सारे रविवार खर्ची पडतात. त्यास प्रत्यक्षात भेटतो तो विक्रेता मात्र असा असतो, की ज्याचे घराणे बापजाद्यांपासून त्याच पदपथावर पोते अंथरून अज्ञानाचे सोंग बिनचूक वठवीत आलेले आहे.

हा बाजार बुधवारी आणि रविवारी कुंभारवेस-मंगळवार पेठेच्या अंगाला भरतो. तेथील मालाची मोजदाद करू जाणे व्यर्थ आहे. तरी नमुन्यादाखल सांगावयाचे तर ज्यांच्या किल्ल्या हरवल्या आहेत अशी कुलपे, आणि ज्यांची कुलपे हरवली आहेत अशा किल्ल्या, एकाच पोत्यावर शेजारी शेजारी, पण परस्परांस ओळख न देता पडलेली असतात. नळाच्या तोट्या, पंख्यांच्या मोटारी, करवतीची पाती, लष्करी बूट, दोन-तीन सूर गमावलेली बाजाची पेटी, आणि एखाद्या अपरिचित कुटुंबाचा, मधोमध बसलेल्या आजोबांसकट विक्रीस काढलेला चौकटीतला फोटो, असा हा जिन्नस असतो. ह्या बाजाराचे खरे अन्नदाते म्हणजे गॅरेजवाले, नळकारागीर आणि वेल्डर. त्यांना दहा-अकराचा पाना हवा असतो. तो ते उचलतात, त्याचे तोंड झिजले आहे की काय हे अंगठ्याने चाचपून पाहतात, दोन शब्दांत भाव तोडतात, पैसे टाकतात आणि चालू लागतात. त्यांच्या व्यवहारात काव्य नसते, आणि म्हणूनच तेथे कोणी फसत नाही. आमचा प्रस्तुत विषय तो नव्हे. आमचा विषय त्याच गर्दीतून धोतराचा सोगा सावरीत किंवा विजारीची इस्त्री सांभाळीत, चेहऱ्यावर कमालीची बेफिकिरी धारण करून हिंडणारा जो दुसरा वर्ग, म्हणजे रत्नपारख्यांचा वर्ग, तो आहे.

ह्या वर्गाच्या आशेला आधारच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेकाठच्या पेठांतून पाणी शिरले. त्यातून जे वाडे उरले ते पुढे कालमानाने, भाऊबंदकीने आणि बांधकाम व्यावसायिकांनी उतरविले. आणि त्या वाड्यांच्या पोटातून निघालेले सुरूदार खांब, गणेशपट्ट्या, कडी-कोयंडे, समया आणि दौती ह्यांपैकी पुष्कळसा ऐवज कोठे ना कोठे बाजाराच्या वाटेला लागला. त्याच सुमारास स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टीलचे राज्य सुरू झाले, आणि कल्हईच्या कटकटीस विटलेल्या गृहिणींनी पिढीजात तांब्या-पितळेची भांडी मोडीच्या भावाने विकून त्यांच्या जागी चकचकीत डबे मांडले. ती भांडी सारीच काही वितळली नाहीत. जुन्या बाजारात एखादे पातेले हाती घेऊन त्याची कड उजेडाकडे फिरवावी, तो ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे दिसू लागतात: चि. सौ. कां. अमुक हिच्या विवाहाप्रीत्यर्थ आत्याकडून सप्रेम भेट, शके अमुक. मी एक तांब्या असा पाहिला आहे, की ज्याच्यावरील पहिले नाव कानशीने घासून त्याच्याखाली दुसरे घातलेले होते, आणि दुसऱ्यावर काट मारून तिसरे. म्हणजे हा तांब्या प्रत्यक्ष पाणी पिण्याच्या कामी कधीच न लागता, एका आहेरातून दुसऱ्या आहेरात असा आयुष्यभर मिरवत राहिला असला पाहिजे. त्याचा भाव विचारता विक्रेत्याने तो वजनावर सांगितला. तीन घराण्यांचा इतिहास त्याने फुकट दिला, ह्याचे मला आजही आश्चर्य वाटते. कारण इतिहासाचे पैसे लावण्यास तो वर्ग सहसा विसरत नाही.

आमच्या परिचयाचे एक सद्गृहस्थ आहेत. महसूल खात्यात अव्वल कारकुनापासून चढत चढत मामलेदारीपर्यंत पोहोचून ते निवृत्त झाले. परंतु खात्याने त्यांना सोडले तरी त्यांनी खात्याला सोडलेले नसल्यामुळे, जुन्या बाजारातील प्रत्येक वस्तूचा ते रीतसर पंचनामा करतात. त्यांचा सिद्धांत असा, की जी वस्तू हवी तिच्याकडे दृष्टिक्षेपही करू नये. एका रविवारी त्यांच्या मनात मोराच्या आकाराचा एक पितळी अडकित्ता भरला. त्यांनी प्रथम एका मोडक्या स्टोव्हची चौकशी केली. त्यात पिन आहे काय, टाकी गळते काय, असे जाबजबाब घेऊन तो त्यांनी नामंजूर केला. मग एक बॅटरी हाती घेऊन तिचे बटण पुष्कळ वेळा दाबले. त्यानंतर रुमालाने कपाळ पुसून, जणू उठता उठता सहज नजर गेली अशा स्वरात त्यांनी विचारले, “आणि हे काय, सुपारी फोडायचं वाटतं?”

विक्रेता बिडी ओढीत होता. त्याने अडकित्त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो म्हणाला, “ते होय? ते ऱ्हाऊ द्या काका. ते तुमच्या कामाचं न्हाई.”

त्या एका वाक्याने सारी महसुली तालीम ढासळली. आपल्या कामाचे काय आणि बिनकामाचे काय हे ठरविणारा हा कोण, ह्या विचाराने मामलेदारसाहेबांचा चेहरा आरक्त झाला. त्यांनी अडकित्ता उचलला, त्याची उघडझाप केली, मोराच्या डोळ्याच्या जागी असलेले छिद्र निरखले आणि किंमत विचारली. विक्रेत्याने एक आकडा सांगितला व लागलीच पुस्ती जोडली, की एक पार्टी सकाळी येऊन पाहून गेली आहे, परत येते म्हणाली आहे, तेव्हा शब्द गेल्यासारखा होईल. पण अजून भवानी झालेली नाही, आणि भवानीच्या वेळी आपण खोटे बोलत नाही. हे तो बोलला तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. घासाघीस होऊन सौदा ठरला, आणि मामलेदारसाहेब बाजूला आल्यावर माझ्या कानाशी लागून विजयी स्वरात म्हणाले, “त्याला कल्पनाच नाही!” आम्ही पंचवीस पावले गेल्यावर मी मागे वळून पाहिले. पोत्याखालून दुसरा मोर बाहेर येऊन पहिल्याच्या जागी आडवा झाला होता, आणि विक्रेता चिमटीने त्याच्यावर धूळ सोडीत होता.

ह्या धुळीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ह्या व्यापाराचे मर्म तिच्यात आहे. इतर सर्व धंद्यांत दुकानदार माल पुसून ठेवतो. येथे पुसलेल्या मालाचा भाव उतरतो. घासून लखलखीत केलेली समई पाहिली की गिऱ्हाईक म्हणते, ह्याला हिची किंमत ठाऊक आहे. तीच समई काळवंडलेली, वातीच्या जागी कोळ्याचे जाळे धारण केलेली, सायकलच्या चेनीखाली अर्धवट दडलेली आढळली, की गिऱ्हाइकाच्या छातीत धडधड सुरू होते. गेल्या वर्षी ओतलेल्या मूर्तीलाही तेजाब आणि ओली माती ह्यांच्या साहाय्याने पेशवाईत नेऊन सोडता येते. विक्रेता स्वतः ती पेशवाईतील आहे असे कधीही म्हणत नाही, हे त्याचे मोठेपण. तो फक्त “जुनी हाय, गावाकडून आली” एवढेच म्हणतो, आणि पेशवाईपर्यंतचा उरलेला प्रवास गिऱ्हाईक स्वखर्चाने करते.

नाण्यांच्या बाबतीत तर हा प्रवास समुद्रापारही जातो. एका बाजूस राम, सीता, लक्ष्मण आणि मारुती, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि 1616, 1717 किंवा 1818 असा एखादा भारदस्त सन, असे तांबूस किंवा पितळी नाणे पुष्कळांच्या देवघरात असते, आणि ते तांदळाचे दाणे ओढून घेते अशीही त्याची ख्याती असते. असली नाणी कंपनीच्या कोणत्याही टांकसाळीने पाडलेली नाहीत. 1616 साली कंपनीची हिंदुस्थानातील अवस्था अशी होती, की इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या दरबारात तिच्यासाठी व्यापाराच्या सवलती मागत तिष्ठत होता. अशा वेळी तिने रामदरबाराचे नाणे पाडून मोगली मुलखात चालविले असेल, अशी कल्पना करण्यास श्रद्धेबरोबर बरेच धैर्यही लागते. उलट त्याच पोत्यावर, मूठभर पैशांत मिळणारी, अक्षरे अर्धी कापली गेलेली, वेडीवाकडी तांब्याची शिवराई पडलेली असते. ती पुष्कळदा अस्सल असते. महाराष्ट्रात ती अमाप चलनात होती आणि त्यामुळे अमाप उरली. परंतु जी वस्तू सहज खरी आहे तिच्यात पराक्रमाला वाव नसल्यामुळे, रत्नपारखी तिला ओलांडून कंपनीच्या मारुतीकडे जातो.

मुंबईच्या चोरबाजाराची गोष्ट निराळी. पुण्यात अज्ञान पोत्यावर बसते, तर मटन स्ट्रीटवर ते दुकानात, काचेच्या कपाटामागे, पंख्याखाली बसते. जहाजांवरचे पितळी दिवे, होकायंत्रे, इराण्यांच्या हॉटेलांतून उठलेल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, जुन्या चित्रपटांची भित्तिपत्रके, आणि कर्णा असलेले ग्रामोफोन ह्यांच्या दाटीतून वाट काढीत गिऱ्हाइकाने आत जावयाचे असते. ह्या ग्रामोफोनांपैकी कित्येकांचा कर्णा नवा, पेटी नवी, यंत्र भलत्याच यंत्राचे आणि कुत्र्याचे चित्र तेवढे जुन्या पद्धतीचे असते. घड्याळांच्या बाबतीत तर ह्या नगरीने जागतिक कीर्ती संपादन केली आहे. जुनी फेवर ल्यूबाची किंवा एचएमटीची घड्याळे खोलून, एकाचे यंत्र दुसऱ्याच्या घरात बसवून, वर कंपनीने स्वप्नातही न पाहिलेल्या रंगाची नवी तबकडी रंगवून देण्याची कला येथील कारागिरांनी अशी काही सिद्धीस नेली, की देशोदेशीचे घड्याळ-संग्राहक अशा संकरित घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ ह्याच नावाने ओळखतात. पैठण पैठणीबद्दल प्रसिद्ध आहे, आणि मुंबई ह्याबद्दल. नगराभिमानी मनुष्याने कीर्तीची फार चिकित्सा करू नये.

त्या गल्लीत सरकारी कायदाही मोठ्या विनोदबुद्धीने वावरतो. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृतींविषयीच्या 1972 च्या अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते; ती देशाबाहेर नेता येत नाही आणि तिच्या व्यापारास परवाना लागतो. परिणामी एकाच मूर्तीची दोन वये असतात. गिऱ्हाईक न्याहाळीत असताना ती दोनशे वर्षांची असते. पैसे चुकते करून पावती मागितली की ती ‘नवीन हस्तकला वस्तू’ होते. पुष्कळदा पावतीच खरी असते. ह्या गल्लीतील हे बहुधा एकच विधान, की जे खरेदीदार वाचतो आणि ज्यावर तो मुळीच विश्वास ठेवीत नाही.

ह्या छंदाला समाजात जी प्रतिष्ठा आहे तिचे उत्तरदायित्व मी नाइलाजाने दिनकर गंगाधर केळकरांकडे देतो. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणाऱ्या ह्या गृहस्थाने, लोक ज्यांना अडगळ म्हणत असे अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या, फण्या आणि वाद्ये गावोगाव हिंडून जन्मभर गोळा केली, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि तो सारा ठेवा सरकारच्या स्वाधीन केला. पाय घासावयाच्या वज्रीवर कोणी हत्ती घडविला असेल हे ज्याच्या ध्यानीमनी नव्हते, त्या पुणेकराला ते राजा केळकर संग्रहालयात दिसले. इतके उपकार करून त्यांनी पुण्यातील गृहिणींचे एक कायमचे नुकसान करून ठेवले. कारण तेव्हापासून जो तो यजमान पिशवीतून गंजलेला कंदील काढताना “केळकरांनासुद्धा लोक आधी हसलेच” हे वाक्य उच्चारतो, आणि ह्या वाक्याला घरात उत्तर नसते. केळकरांच्या अंगी दृष्टी होती, हा मुद्दा त्या वेळी कोणी मांडत नाही.

विलायतेत व अमेरिकेत ह्या व्यवहाराला धर्मादायाची जोड मिळालेली आहे. बॉस्टन शहरात एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने 1902 साली श्रीमंतांच्या घरचे टाकाऊ कपडे व सामान गोळा करून, ते गरिबांच्याच हातून दुरुस्त करवून विकावयास आरंभ केला. त्यातून ‘गुडविल’ ही संस्था उभी राहिली. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर ऑक्सफॅमने दुसऱ्या महायुद्धानंतर थोड्याच अवधीत असेच दुकान थाटले. शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेला आमचा भाचा असल्या दुकानातूनच आपला सारा संसार उभा करून बसला आहे, आणि तेथील फुलदाणीच्या बुडाशी चिकटविलेली किंमत पाहून माझ्यापाशी हळहळ व्यक्त करतो. वस्तू दान आलेली, विकणारी आजी स्वयंसेविका, किंमत चिठ्ठीवर छापील. म्हणजे तेथील अज्ञान अस्सल आहे. पण घासाघीस नाही, ‘तुमच्या कामाचं न्हाई’ नाही, सकाळी पाहून गेलेली पार्टी नाही. ज्याला अस्सल अज्ञान हवे त्याने अटलांटिक ओलांडावा. आमच्या मंडळींना मात्र त्याची नक्कलच अधिक गोड लागते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मामलेदारसाहेबांच्या संग्रहातील मुकुटमणी म्हणजे एक काळा, गुडघ्यापर्यंत पोहोचणारा, मखमली गळपट्टीचा कोट. तो त्यांनी जुन्या बाजारात कपड्यांच्या ढिगाऱ्यातून हस्तगत केला आणि त्याचा पंचनामा पुढीलप्रमाणे केला. कापड विलायती, आत शिंप्याची चिठ्ठी नाही, ह्याअर्थी शिंपी लंडनचा, कारण अस्सल माणसाला चिठ्ठीची गरज नसते, मालक साहेब, आणि तोही कलेक्टरच्या हुद्द्याचा, आणि गळपट्टीवर जो तांबडा डाग आहे तो पोर्ट वाइनचा, बहुधा निरोपाच्या मेजवानीतील. थंडीच्या दिवसांत तो कोट अंगावर चढवून ते पर्वतीवर जात, आणि ओळखीचे कोणी भेटले म्हणजे मान किंचित वळवून तो डाग दिसेल अशी तजवीज करीत.

त्यांच्या पत्नीची कारकीर्द अगदी वेगळ्या खात्यात झाली आहे. दारावर बोहारीण आली, की त्या पदर खोचून पायरीवर बसतात आणि दोन्ही बाजूंनी अज्ञानाचा लवलेश नसलेला असा व्यवहार सुरू होतो. बोहारीण विजार उलटी करते, बूड आणि गुडघे उजेडाकडे धरून विरले आहेत की काय ते पाहते, चेन वरखाली करते. साडीचा काठ नखाने खरवडून जर खरी की खोटी ते क्षणात सांगते. पूर्वी खऱ्या जरीचे शालू जाळून चांदी काढणारे लोक दारावर येत असत, आणि त्या काळात पोळलेल्या गृहिणी अजूनही जरीच्या काठावर हात ठेवूनच बोलतात. इकडून तीन विजारी आणि एक शर्ट पुढे सरकतो, तिकडून एक पातेली. इकडून पातेली उचलून तिचा पत्रा बोटाने वाजविला जातो आणि ‘हलकी आहे’ असा निकाल मिळतो. मग चौथी विजार आणि झाकण ह्यांवर वाटाघाटी चालतात. कोणालाही कोणी फसवत नाही, कारण तसे करण्यास जागाच राहिलेली नसते.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत अशाच एका बैठकीत, एका स्टीलच्या पिंपासाठी काही कपडे कमी पडत होते. मामलेदारसाहेब पर्वतीहून नुकतेच परतून कोट खुंटीला अडकवीत होते. पत्नीने खुंटीकडे नुसती नजर टाकली. साहेबांनी तत्काळ हरकत नोंदवून त्या वस्त्राची सारी कैफियत, कलेक्टर, लंडन आणि मेजवानी ह्यांसह, बोहारणीस ऐकविली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली, हात पुढे करून कोट मागून घेतला, अस्तर उलटले आणि बगलेतील एक टाका दाखवून म्हणाली, “काका, ह्यो कोट मला वळखीचा हाय. शनवारातल्या नाटकवाल्यांनी कपडेपट मोडला, तवा मीच आणलेला. ह्यो टाका माझ्या सासूचा.”

“आणि डाग?” साहेबांनी विचारले.

“तोंडाला लावायचा रंग. लई धुतला, जात न्हाई. म्हणून तर सवस्तात दिला बाजारात.”

काही वेळ कोणी बोलले नाही. मग मामलेदारीणबाईंनी पिंपाचे झाकण उचलून खाली ठेवले आणि कोटाबद्दल आणखी काय मिळेल असे विचारले. बोहारीण म्हणाली, एक चहाचे गाळणे. बाईंनी दोन मागितली आणि बोहारणीने ती काढून दिली. साहेबांनी मात्र, नाटक जुने होते काय आणि त्यातील पात्र साहेबाचेच होते ना, एवढी चौकशी पूर्ण झाल्याखेरीज कोटाचा ताबा सोडण्यास साफ नकार दिला.